गिऱ्हाइकाच्या फोनात डोकावणारी पेटी मी बसवणार नाही : हॉटेल-लॉज संघटनेला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
तालुका हॉटेल व लॉज व्यावसायिक संघटना

सप्रेम नमस्कार.

गेल्या सर्वसाधारण सभेत ‘सुरक्षित वायफाय’चा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी प्रत्येक सभासदाने ठरलेल्या पुरवठादाराची पेटी, म्हणजे पाहुणे वायफायवर काय पाहतात ते नोंदवणारे आणि काही संकेतस्थळे अडवणारे यंत्र, बसवून घ्यायची, न बसवणाऱ्याचे नाव संघटनेच्या यादीतून निघेल, असे परिपत्रक त्यानंतर आले. सभेत मी विरोध केला होता; इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही. पत्र खुले लिहिते आहे, कारण ज्यांच्यावर हा ठराव लागू होणार ते आपले गिऱ्हाईक त्या सभेला नव्हते. त्यांनाही कळू दे.

माझा लॉज लहान आहे. खोल्या मोजक्या, जेवण घरचे आणि मोबाइलची रेंज वाऱ्याच्या मर्जीवर. शनिवार-रविवारी कुटुंबे येतात. मधल्या वारी पुण्या-मुंबईची लॅपटॉपवाली मुले येतात आणि आठ-आठ दिवस राहून ऑफिसचे काम करतात. बंदराच्या कामावरचे इंजिनिअर असतात. कधी एखादी बाई एकटीच येते, आणि का आली ते विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. यातला प्रत्येक जण काउंटरवर गरम पाण्याच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. ही माणसे माझ्या छपराखाली निर्धास्त झोपतात, यावर माझे घर चालते.

बेकायदा मजकूर अडवायला हवा, याबद्दल आपल्यात मतभेद नाही, हे आधीच सांगते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब प्रमाणे बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे, चित्रफिती बनवणे आणि पसरवणे गुन्हा आहेच. शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हाही गुन्हा आहे. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या लॉजच्या जोडणीवरून असे काही उतरवले गेले, तर पोलीस आधी माझ्या दारात येतील. यायलाच हवेत.

वायफायवरून भलत्याच माणसाच्या दारात पोलीस येणे काय असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल गेला होता, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन रहिवाशाच्या वायफायवरून. त्याचा त्या कटाशी संबंध नव्हता. पुढे माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय असेच वापरले गेले. त्यानंतर, फेब्रुवारी २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या : सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचे तर वापरणाऱ्याची ओळख पटवा. एक तर फोटो ओळखपत्राची प्रत घ्या आणि वर्षभर जपा, नाहीतर मोबाइलवर एसएमएसने लॉगिन द्या. आज गिऱ्हाईक जो ओटीपी टाकतो त्याचे मूळ इथे आहे.

त्या सूचनांचा रोख नीट पाहा. कोण जोडला गेला आणि केव्हा, एवढे त्यांना हवे आहे. सानपाड्याच्या प्रकरणातही तपासाला तेवढेच हवे होते आणि तेवढेच सापडत नव्हते. आसपासच्या इमारतींतले लोक त्या संध्याकाळी काय वाचत होते, याचा तपासाला काडीचा उपयोग नव्हता.

मध्यंतरी एका तपासात आमच्या जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तिचा आकडी पत्ता) आला. तपास अधिकारी लेखी पत्र घेऊन आले. पत्रात तारीख होती, वेळ होती. त्या वेळेला जोडलेल्या उपकरणांची आणि मोबाइल क्रमांकांची नोंद मी काढून दिली, रजिस्टरशी ताडून दिली, आणि त्यांचे काम झाले. चहा घेऊन गेले. बाकीच्या गिऱ्हाइकांना काही कळले नाही, कळण्याचे कारणही नव्हते.

आता पेटीकडे येते.

पहिली हरकत पेटी काय लिहून ठेवते यावर. नाव, मोबाइल क्रमांक, खोली, आणि त्यापुढे गिऱ्हाईक ज्या ज्या संकेतस्थळावर गेला त्या सगळ्यांची वेळेसकट यादी. ही नोंद तीन वर्षे, पुरवठादाराच्या सर्व्हरवर. सभेत त्या कंपनीच्या माणसाने प्रात्यक्षिक दाखवले ते आठवत असेल. पडद्यावर आपल्याच एका सभासदाच्या हॉटेलची खरी नोंद होती. एका खोलीतून रात्री उशिरा वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या दवाखान्यांची संकेतस्थळे एकामागून एक उघडलेली दिसली. सभागृहात हशा पिकला. कोणीतरी मागून खोली नंबरही मोठ्याने वाचला. त्या जोडप्याने कोणता गुन्हा केला होता, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. पडदा बंद करायला सांगणारी मी एकटी होते, आणि मला ‘ताई, हे नुसते सॅम्पल आहे’ असे उत्तर मिळाले.

ठरावाला माझा विरोध त्या क्षणी पक्का झाला. आपण हसणारी माणसे वाईट नाही. आपल्यातल्या कोणीही गिऱ्हाइकाची बॅग उघडली नसती. मास्टर चावी खिशात असूनही आपण ते करत नाही. पण बॅगेतल्यापेक्षा खासगी गोष्ट पडद्यावर आयती आली की सज्जन माणूसही वाचतो. ज्या नोंदीची गरज नाही ती तयारच होऊ न देणे, हा त्यावरचा एक उपाय मला माहीत आहे.

दुसरी हरकत तांत्रिक आहे, पण ती समजायला इंजिनिअर असावे लागत नाही. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर चालतात. गिऱ्हाईक कोणत्या संकेतस्थळावर गेला एवढे राउटरला कळू शकते. तिथे त्याने काय वाचले, काय लिहिले, ते कुलूपबंद असते. पेटीच्या ‘संपूर्ण संरक्षण’ योजनेला ते कुलूप उघडायचे आहे. त्यासाठी गिऱ्हाइकाने स्वतःच्या फोनमध्ये पुरवठादाराचे सर्टिफिकेट टाकून घ्यायचे. म्हणजे फोनला वाटणार, आपण थेट संकेतस्थळाशी बोलतो आहोत. प्रत्यक्षात मध्ये पेटी बसलेली. बरीच ॲप्स असले सर्टिफिकेट मानतच नाहीत आणि बंद पडतात, मग गिऱ्हाईक काउंटरवर येऊन ‘तुमचे नेट चालत नाही’ म्हणून आपल्यालाच सुनावणार. त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाईक चेक-आउट करून नाशिकला घरी पोचला तरी ते सर्टिफिकेट त्याच्या फोनात राहते. काढून टाका, हे त्याला कोण सांगणार?

२०१४ मध्ये कॅस्परस्की या कंपनीने ‘डार्कहोटेल’ नावाच्या टोळीचा अहवाल काढला होता. आशियातल्या बड्या हॉटेलांच्या वायफायवर ही टोळी दबा धरून बसे. पाहुणा जोडला गेला की त्याला एखाद्या ओळखीच्या सॉफ्टवेअरचे अपडेट टाकायला सांगे, आणि ते टाकले की लॅपटॉप टोळीच्या ताब्यात. हॉटेलचे वायफाय सांगेल ते फोनमध्ये टाकायचे, ही सवय चोराच्या सोयीची आहे. ती आपण गिऱ्हाइकाला सुरक्षेच्या नावाने लावणार आहोत.

तिसरी हरकत आधारची. लॉगिनच्या पानावर आधार कार्डाचा फोटो चढवणे सक्तीचे केले आहे. काउंटरवर आपण ओळखपत्र पाहतोच, रजिस्टरही आहे. मग वायफायसाठी वेगळी प्रत, तीही तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर, कशासाठी? २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारची मागणी करू देणारी तरतूद काढून टाकली, त्यालाही आता वर्षे झाली. आणि साठवलेल्या ओळखपत्रांचे काय होते ते आपल्याच धंद्यातल्या मोठ्या माणसांना विचारावे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटने जाहीर केले की त्यांच्या स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षणाच्या नोंदींत कोणीतरी काही वर्षांपासून शिरलेले होते. कोट्यवधी पाहुण्यांची माहिती गेली. लाखो पासपोर्ट क्रमांक तर उघडेच, सांकेतिक रूपातही न बदललेले. त्यांच्याकडे सुरक्षेचा स्वतंत्र विभाग होता. आपल्याकडे बुकिंग घेणारा पुतण्या असतो आणि तोच आयटी विभाग.

चौथी. परिपत्रकात म्हटले आहे की स्थानिक पोलिसांना पेटीचे ‘लाइव्ह लॉगिन’ दिले जाईल. पोलिसांनी ते मागितल्याचे परिपत्रकात कुठेही नाही. आपणच उत्साहाने देऊ करतो आहोत. तपासासाठी कागदपत्र मागवण्याचा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ मध्ये आहे, आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ मध्ये होता. चालू संदेशवहनावर नजर ठेवायची तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे, आणि त्याचा आदेश एरवी राज्याच्या गृह खात्याच्या सचिव पातळीवरून निघावा लागतो. कायद्याने एवढ्या वर ठेवलेला अधिकार आपण एका पासवर्डावर वाटणार? ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले, खोल्यांतून जोडपी बाहेर काढली गेली, राज्यभर टीका झाली आणि चौकशीचे आदेश निघाले. त्या वेळी निदान दार वाजवावे लागले होते.

पाचवी हरकत अडवायच्या यादीवर. सगळे व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कात कुलूपबंद वाटेने शिरण्याची सोय, बंद, असे त्यात आहे. माझी मधल्या वारची लॅपटॉपवाली मुले व्हीपीएनशिवाय ऑफिसात शिरूच शकत नाहीत. सोमवारी सकाळीच ती सामान उचलतील. ‘लैंगिक’ या एका सदरात लैंगिक शिक्षण, गर्भनिरोधन, समलिंगी व्यक्तींच्या मदत संस्था सगळेच कोंबले आहे. सरसकट यादी कशी फसते ते सरकारलाही अनुभवाने कळले. २०१५ च्या जुलैअखेरीस ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला, त्यात विनोदाची संकेतस्थळेही सापडली, आणि काही दिवसांतच बालकांचे शोषण दाखवणारा मजकूर नसलेली संकेतस्थळे बंद ठेवण्याचा आग्रह सरकारला सोडावा लागला.

शेवटची हरकत लहान, पण मनाला लागलेली. संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘संशयित गिऱ्हाईक’ म्हणून फोटो आणि ओळखपत्रे फिरतात. पेटी आल्यावर त्यात कोण काय बघतो याचे स्क्रीनशॉट येतील. हे मी भाकीत म्हणून लिहीत नाही. सभेत त्याचीच झलक दिसली.

सचिवसाहेबांनी मला फोनवर सांगितले की सायबर कॅफेचे २०११ चे नियम आपल्याला लागू होतात आणि त्यात संकेतस्थळांचा इतिहास वर्षभर ठेवायला सांगितले आहे. मुद्दा गंभीर आहे, त्यामुळे नियम काढून वाचले. इतिहास ठेवण्याची अट त्यात आहे, खरे. पण ती कॅफेच्या संगणकांवरच्या वापराबद्दल आहे, आणि किमान एका वर्षाची आहे. पेटी तीन वर्षे ठेवते. त्याच नियमांत असेही आहे की आतल्या कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात आणि कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे बाहेरच्या बाजूला असावेत. लॉजला हे नियम जसेच्या तसे लावायचे असतील तर आधी सगळ्या खोल्यांच्या भिंती उतरवाव्या लागतील. थट्टा सोडा, पाहुण्याच्या स्वतःच्या फोनला हे नियम लागतात का, याबद्दल संघटनेने वकिलाचे लेखी मत घ्यावे आणि केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला पत्र लिहून विचारावे. पुरवठादाराचा विक्रेता सांगतो म्हणून कायदा मानू नये.

उलट बाजूचा कायदा मात्र अगदी स्पष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि तयारीची मुदत चालू आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्याला काही तेवढा बसणार नाही, पण जबाबदारी कोणाची ते वाचा : माहिती गोळा करून घेणाऱ्याची. पुरवठादाराशी केलेल्या करारात काहीही लिहिलेले असो, गिऱ्हाइकाला उत्तर लॉजवाल्याने द्यायचे. करारात तर पुरवठादाराने ही माहिती ‘व्यावसायिक विश्लेषणासाठी’ वापरण्याची मुभा घेतली आहे. पेटी स्वस्तात का मिळते याचे उत्तर मला त्या ओळीत सापडले.

युरोपात हा प्रश्न न्यायालयात गेला होता. म्युनिकजवळच्या एका दुकानदाराच्या मोफत वायफायवरून कोणीतरी गाणी बेकायदा वाटली आणि संगीत कंपनीने दुकानदारालाच ओढले. सप्टेंबर २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : दुकानदाराकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही; पासवर्ड लावून वापरणाऱ्याची ओळख घ्यायला सांगता येईल; मात्र जोडणीवरून जाणाऱ्या सगळ्या माहितीवर पाळत ठेवायला सांगता येणार नाही. तो निकाल आपल्याला बांधील नाही. पण दूरसंचार विभागाने २००९ मध्ये आखलेली रेघ जवळपास तिथूनच जाते.

मग काय करावे? मी माझ्याकडे काय केले आहे ते सांगते. त्याला पेटी लागत नाही. राउटरमध्ये डीएनएसचा पत्ता बदलला. फोन कुठलेही संकेतस्थळ उघडण्याआधी त्याच्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. ते उत्तर देणारी सेवा गाळणारी घेतली की घातक आणि अश्लील संकेतस्थळांचे पत्ते मिळतच नाहीत. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही कुटुंबांसाठीची सेवा असे करते, फुकट करते. फक्त फसवणुकीची आणि व्हायरसची संकेतस्थळे अडवायची असतील तर क्वाडनाइनची ९.९.९.९ आहे. माझ्याकडे मुलेबाळे येतात म्हणून मी पहिली लावली, आणि तसे काउंटरवर मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून ठेवले. दुसऱ्या कोणाला दुसरी लावावीशी वाटली तर तो त्याचा प्रश्न. माझ्याकडे कोणत्या खोलीतून काय अडले याची नोंद होत नाही.

टोरंट (इंटरनेटवरून मोठ्या फाइली आपसांत वाटण्याची पद्धत) बंद केले. त्याने चोरीच्या सिनेमांचा प्रश्न बराच सुटला आणि संध्याकाळी नेट रांगायचे तेही थांबले. पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे केले, त्यातले फोन एकमेकांना दिसत नाहीत. बिलिंगचा संगणक आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर दुसऱ्या जोडणीवर आहेत. (आपल्यातल्या किती जणांचे डीव्हीआर अजून कंपनीच्या मूळ पासवर्डावर चालतात ते एकदा तपासाच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांनी ताब्यात घेतले होते. संघटनेला खरोखर काही सक्तीचे करायचे असेल तर हा पासवर्ड बदलणे सक्तीचे करावे.) लॉगिन ओटीपीने, परदेशी पाहुण्याच्या सिमवर ओटीपी आला नाही तर पासपोर्ट पाहून काउंटरवरून कूपन. मोबाइल क्रमांक, उपकरण, आतला आयपी, जोडल्याची आणि तुटल्याची वेळ, एवढीच नोंद होते आणि वर्षाने आपोआप पुसली जाते.

ही गाळणी सगळे अडवते असे नाही. मोठ्या संकेतस्थळाच्या पोटातले एखादे वाईट पान नावावरून ओळखता येत नाही. ते शोधून काढणे त्या संकेतस्थळाचे काम आहे. ठरवून आलेला माणूस व्हीपीएन लावील किंवा गच्चीवर जाऊन स्वतःचा डेटा वापरील. पेटीने व्हीपीएन बंद केले तरी त्याचा स्वतःचा डेटा तिला थांबवता येत नाही. पेटी ज्याला पकडते तो साधा, काही न लपवणारा गिऱ्हाईक.

माझ्या मागण्या अशा :

१. ठरावाची अंमलबजावणी थांबवून विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. माझा विरोध मागील इतिवृत्तात नोंदवावा.

२. पुरवठादाराशी झालेला करार सर्व सभासदांना वाचायला द्यावा. प्रात्यक्षिकासाठी गिऱ्हाइकांची खरी नोंद वापरली, तिचे पुढे काय झाले ते लेखी विचारावे आणि ती पुसून घ्यावी.

३. सर्टिफिकेट, आधारचा फोटो आणि संकेतस्थळांची यादी या तिन्ही गोष्टी कोणत्याही सभासदावर सक्तीच्या करू नयेत.

४. त्याऐवजी गाळणारे डीएनएस, पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क, ओटीपी किंवा कूपन, आणि जोडणीची वर्षभराची नोंद, एवढे किमान सर्वांनी करावे. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे संघटनेने माणूस पाठवावा.

५. पोलिसांना माहिती लेखी मागणीवरच द्यावी. कोणत्या तारखेला, कोणत्या पत्रावर, काय दिले याची नोंद ठेवावी. लाइव्ह लॉगिन कोणालाही देऊ नये. बालकांच्या शोषणाचा प्रकार लक्षात आला तर वाट न पाहता राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी, हे मात्र प्रत्येक काउंटरवर लिहिलेले असावे.

६. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे गिऱ्हाइकांचे फोटो आणि ओळखपत्रे काढून टाकावीत.

वाचणाऱ्या पर्यटकांनाही एक विनंती. कोणत्याही हॉटेलच्या वायफायने फोनमध्ये सर्टिफिकेट किंवा ॲप टाकायला सांगितले, तर नाही म्हणा आणि काउंटरवर कारण विचारा. मालकाला अशी विचारणा झालेली कळली की तोही पुरवठादाराला विचारील.

माझ्या लॉजची मांडणी कार्यकारिणीने कधीही येऊन पाहावी. ऑफ सीझन आहे, जेवूनच जा. दिवाळीपर्यंत निर्णय बदलला नाही तर यादीतून माझे नाव काढायचे की नाही ते आपण ठरवावे. पेटी मी बसवणार नाही.

आपली,
संघटनेची एक सभासद, लॉजचालक